हातमोज्याची चार पानं

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की आजी कारखान्यात काय बनवायची. मी म्हटलं, काहीच नाही, मी सामान आणायचे. धाकटा म्हणाला, "म्हणजे डिलिव्हरी?" तेवढ्यात तुमच्या आईला बाहेर पडायचं होतं म्हणून फोन संपला आणि उत्तर अर्धं राहिलं. ते पुरं करायला बसले आहे. आत्ताच का, तर थोरली पुढच्या वर्षी कॉलेजात जाऊन व्यवस्थापन शिकणार म्हणते. पुरवठादार कमी करावेत, प्रत्येक वस्तूचं वर्णन लिहून ठेवावं, भाव सगळ्यांकडून एकाच वेळी मागवावेत, हे तिला तिथे शिकवतील. ते चुकीचं नाही. मीही ते मन लावून केलं. त्यातून काय झालं ते तिच्या पुस्तकात नसेल, म्हणून मी सांगते.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मी एकदा फार चांगलं लिहिलं होतं, आणि ही त्याचीच हकीकत आहे. कुणाचंही नाव घालणार नाही. जिल्हा लहान आहे आणि माणसं हयात आहेत.

आमचा कारखाना कोल्हापूरच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीत. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं आणि पंपांचे, ट्रॅक्टरचे भाग बनवायचे. लोखंड, वाळू, कोळसा यांची खरेदी एका वेगळ्या साहेबांकडे होती आणि त्यांच्या खोलीला एसी होता. उरलेलं सगळं माझ्याकडे. झाडू, साबण, यंत्रं पुसायच्या चिंध्या, बल्ब, कॅन्टीनची चहापूड, कागद, बूट, चष्मे, हातमोजे. ऑफिसच्या भाषेत याला 'इनडायरेक्ट' म्हणायचे. हे सामान असलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. संपलं की सगळे माझ्या दारात उभे. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी तिथे पत्रं टाइप करायला लागले होते. पुढे खरेदीच्या खुर्चीवर बसले ती हुशारीपेक्षा टापटिपीमुळे. माझ्या कपाटातली कुठलीही फाइल डोळे मिटून काढता यायची.

पुरवठादारांना आम्ही गावावरून ओळखायचो. गडहिंग्लजचे झाडूवाले होते. दर दोन महिन्यांनी टेम्पोतून यायचे आणि गेटवरच्या वॉचमनला "काय पावणं, आज तरी आत सोडता का," असं म्हणून चहा मिळेपर्यंत हलायचे नाहीत. झाडू बारीक आले म्हणून मी तक्रार केली तर म्हणायचे, "म्याडम, झाडू न्हाय वो बारीक, तुमचा कारखाना मोठा झालाय." आणि कुरुंदवाडच्या वहिनी होत्या. त्या हातमोजे द्यायच्या.

त्यांना वहिनी म्हणायचं कारण, आधी त्यांचे यजमान माल घेऊन यायचे. ते गेल्यावर चौदाव्या दिवशी वहिनी स्वतः एसटीने आल्या, दोन बोचकी घेऊन. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "माल मीच शिवत होतो, ते नुसतं आणत होते. आता मीच आणतो." (आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी येतो' म्हणतात. ती माझी चूक समजू नका.)

भट्टीवरच्या माणसाचा हातमोजा ही साधी वस्तू नाही. ओतायच्या भांड्याचा दांडा धरलेला असताना लोखंडाचा थेंब उडतो. तो कापडावर पडला तर कापड जळतं, शिवणीवर पडला तर शिवण उसवते, आणि मोज्याच्या आत गेला तर माणसाला हात झटकून मोजा फेकून द्यायला एक क्षण मिळतो. यजमान आणायचे तेव्हा जोड एकाच ठरलेल्या मापाचे असायचे. ते अंगठ्याच्या मुळाशी पहिले जळायचे. वहिनींनी काम हातात घेतल्यावर पहिलीच मागणी केली ती जळक्या जोडांची.

"टाकून देता का ते? मला द्या की."

"त्याचं काय करणार?"

"बगणार."

तेव्हापासून नवीन बोचकी आली की जुन्यांचं पोतं परत जायचं. जाण्याआधी वहिनी ते पोतं माझ्या ऑफिसच्या दाराबाहेर ओतायच्या आणि एकेक जोड उचलून बघायच्या. एकदा एक जोड माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ह्यो डावऱ्याचा हाय. आनी ह्यो दुसरा बगा, ह्यो माणूस भ्यालेला हाय. दांडा लई घट धरतोय. नवीन आलाय काय?" मी भट्टीच्या सुपरवायझरला विचारलं. वाळूखात्यातला एक माणूस पंधरा दिवसांपूर्वी भट्टीवर घेतला होता. त्याच्यासाठी पुढच्या खेपेला तळव्याला आतून आणखी एक पट्टी आली.

असं वर्षानुवर्षं चाललं. कुठेही आराखडा नव्हता. स्टोअरमध्ये खिळ्याला एक जोड टांगलेला असायचा, त्यावर माझी सही. तोच नमुना. वहिनींनी काही बदललं की जुना काढून नवा टांगायचा आणि मी त्यावर सही करायची. माझ्यासारखीला हे फार अव्यवस्थित वाटायचं, पण भट्टीवरून हात भाजल्याची तक्रार येईनाशी झाली होती.

कुरुंदवाडला वहिनींच्या घरामागे पत्र्याची शेड होती. आठ मशिनं. एकावर त्या, एकावर सून, बाकी सहांवर गल्लीतल्या बायका. आमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, की आणखी एखादा कारखाना बघा. म्हणाल्या, "तेंच्या हाताचं मला काय म्हाईत?" आणि विषय संपला.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली. मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात. तिथले खरेदीप्रमुख तुमच्या आईच्या वयाचे, अतिशय सभ्य. मला 'मॅम' म्हणायचे. माझं इंग्रजी त्यांना आवडलं आणि मला ते आवडल्याचं आवडलं, हे कबूल करते. त्यांनी सांगितलं की शंभरावर पुरवठादार आहेत, ते वीसवर आणायचे. ज्या वस्तूचं लेखी वर्णन नाही ती यादीतून जाईल. वर्णनं मी लिहायची.

झाडूचं वर्णन अर्ध्या पानात झालं. गडहिंग्लजकरांचं नाव यादीतून गेलं तेव्हा ते हसत निघाले. "झाडू काय फक्त तुमच्यातच मारत्यात व्हय?" त्यांची सगळ्या बाजारपेठांत गिऱ्हाइकं होती. मला काळजी होती ती कुरुंदवाडची. तिथे आमचं काम गेलं म्हणजे शेड गेली.

म्हणून मी ठरवलं, हातमोज्याचं वर्णन इतकं बारीक लिहायचं की ते दुसऱ्या कुणाला जमणारच नाही. वहिनींना दोन दिवस बोलावून घेतलं. त्या समोर बसल्या, मध्ये एक नवा जोड आणि माझी फूटपट्टी.

"एवढं लिवून काय करायचं हाय? जोड पाठवा की तेंच्याकडं. हात घालून बगतील."

"ते कागद मागतात, वहिनी."

"कागद घालून लोखंड वततील व्हय?"

"लिहिलं की तुमचं नाव पक्कं. असा मोजा दुसरं कोण देणार आहे?"

मग त्या सांगत गेल्या. मनगटाच्या वरचा भाग रुंद का, तर एका झटक्यात मोजा हातातून सुटावा म्हणून. शिवणीवर कातड्याची पट्टी कशी बसवायची. अंगठ्याच्या मुळाशी दुसरा थर कुठून कुठपर्यंत. मी मोजायची, विचारायची, लिहायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा आवाज बसला होता. इंग्रजीत चार पानं झाली. फोटो लावले, बाण काढले, जाडी मिलिमीटरमध्ये दिली. आयुष्यात मी इतकं नेटकं काही लिहिलं नव्हतं.

मुख्य कार्यालयाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. असं वर्णन कुठल्याच शाखेकडून आलेलं नाही, बाकीच्या शाखांना ते नमुना म्हणून पाठवत आहोत. मी त्या मेलची प्रत काढून फाइलला लावली. वहिनींना फोन करून सांगितलं, काम झालं. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या खेपंचं कातडं आणून ठिवतो."

तीन आठवड्यांनी संगणकावर एक सूचना आली. हातमोज्यांसाठी ऑनलाइन बोली. सहा पुरवठादारांना आमंत्रण, सहावं नाव वहिनींचं. खाली जोडपत्र होतं. उघडलं तर माझी चार पानं.

मी खरेदीप्रमुखांना फोन लावला. ते मनापासून म्हणाले, "मॅम, हे तुमच्यामुळेच शक्य झालं. आधी या वस्तूची तुलनाच करता येत नव्हती. आता कुणीही बनवू शकतो."

मी म्हटलं की या बाईंना वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. ते म्हणाले, अनुभवाचे गुण आहेत ना, पुरवठादाराच्या गुणपत्रिकेत बघा. मी बघितलं. वहिनींना दर्जाला पैकीच्या पैकी होते, वेळेवर माल पोचवण्यात जवळजवळ शून्य. त्या वर्षी पुराचं पाणी कुरुंदवाडात शिरलं होतं. वहिनींनी मशिनं शाळेच्या वरच्या मजल्यावर चढवली होती आणि रस्ता खुला होईपर्यंत आमचा माल अडकला होता. गुणपत्रिकेत पुराला रकाना नव्हता. 'शेरा' असा एक रकाना होता, त्यात मी तीन ओळी लिहिल्या. शेऱ्याला गुण नव्हते.

बोलीची वेळ सकाळी अकरा ते बारा. पुरवठादाराने आपापल्या ठिकाणाहून जोडामागच्या भावाचा आकडा टाकायचा. दुसऱ्यांचे आकडे त्याला दिसत नाहीत. आपला आकडा सर्वांत कमी असेल तर हिरवा, नसेल तर लाल. मला मात्र सगळे दिसत होते. खरेदीवाल्याने कुणालाही काही सांगायचं नाही, हा नियम. तो नियम मी स्वतः हाताखालच्या लोकांना अनेकदा शिकवलेला.

वहिनी कुरुंदवाडच्या ई-सेवा केंद्रात बसल्या होत्या. केंद्र चालवणारी मुलगी त्यांच्यासाठी आकडे टाकत होती. सव्वाअकराला माझा फोन वाजला.

"म्याडम, आकडा लाल झालाय. लाल म्हंजे काय?"

हे सूचनापत्रकात छापलेलं होतं, म्हणून सांगितलं. "कुणीतरी तुमच्यापेक्षा कमी टाकलाय."

"मग किती खाली येऊ?"

"ते मला सांगता येत नाही, वहिनी."

"तुमाला दिसतंय का?"

"दिसतंय."

पलीकडे प्रिंटर चालल्याचा आवाज येत होता. त्या मुलीला त्यांनी काहीतरी विचारलं आणि परत फोनवर आल्या.

"कातडं पातळ लावलं तर बसंल. लावू का?"

माझ्यासमोर तिसरं पान उघडं होतं. कातड्याची जाडी त्यावर ठळक अक्षरांत होती. मी म्हटलं, "जाडी कागदावर आहे."

"कागद तुमीच लिवलाय की."

"हो."

"बरं. ठिवतो."

त्यानंतर त्यांचा आणखी एक आकडा आला, मग नाही. बोली संपायला अर्धा तास होता. बाकीचे आकडे खाली जात राहिले आणि मी ते बघत बसले. शेवटी तो पुरवठा दुसऱ्या राज्यातल्या एका व्यापाऱ्याला गेला.

मी काय करायला हवं होतं, हे तुम्ही विचाराल म्हणून सांगते. आकडा सांगितला असता तर उघडकीस आल्यावर वहिनींचं नाव कायमचं बाद झालं असतं आणि मला निवृत्तीआधी घरी जावं लागलं असतं. यातल्या दुसऱ्या गोष्टीची भीती मला पहिलीपेक्षा कमी नव्हती. आणि सांगून तरी काय झालं असतं? तिथपर्यंत उतरून त्यांना शिवणं परवडणारच नव्हतं. मी सगळीकडून बघितलं. अडवायचं ते वर्णन लिहिण्याआधी अडवायला हवं होतं, आणि ते लिहिताना मी खूश होते.

नवीन जोड आले. तपासायचे मीच. फूटपट्टी घेऊन बसले आणि चारही पानांतली एकेक ओळ ताडून बघितली. चूक सापडावी अशी माझी फार इच्छा होती. एकही सापडली नाही. मी सही केली. खिळ्यावरचा जुना नमुना काढायची आता गरज नव्हती, नमुना कागदावर होता. पण दुसऱ्या दिवशी बघितलं तर खिळ्यावर तो जोड नव्हता. भट्टीवरच्या कुणीतरी वापरायला नेला होता. मी चौकशी केली नाही.

चार-पाच महिन्यांनी भट्टीवर ओतायचं भांडं बदललं. मोठं आलं, दांडा वेगळा, पकड वेगळी. जोड मनगटाच्या आतल्या बाजूला जळायला लागले. सुपरवायझर दोन जोड घेऊन माझ्याकडे आले.

"म्याडम, पयलं तुमाला सांगिटलं की पुढच्या खेपंला व्हायचं."

"आता त्याला कागद बदलावा लागतो."

"मग तेला काय मुहूर्त लागतोय?"

मी व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, माल वर्णनाप्रमाणे आहे, आणि ते खरंच होतं. जळके जोड परत न्या, बघा, असं म्हटलं तर त्याला मी काय बोलते तेच कळेना. कंत्राटात तसं काही नव्हतं. ते मी लिहिलंच नव्हतं. हातमोज्याबद्दल सगळं लिहिलं, त्या पोत्याबद्दल एक ओळही नाही. माझ्या लेखी तो कचरा होता. वहिनीही बोलल्या नव्हत्या. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नसेल, शिवण्याआधी माणूस बघतोच.

वर्णनात बदल करायचा तर अर्ज करायचा होता. ती चार पानं आता सगळ्या शाखांची झाली होती आणि सगळ्यांची संमती लागायची. एका शाखेत लोखंड ओततच नव्हते, तिथूनही संमती लागायची. मी अर्ज केला. महिन्याने आठवण पाठवली. मग दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाठवत गेले. निवृत्तीच्या दिवशी तो अर्ज 'विचाराधीन' होता. सुपरवायझरने तोवर मनगटाला गोणपाट गुंडाळायची पद्धत पाडली होती.

मधल्या काळात मी एका रविवारी कुरुंदवाडला गेले होते. एसटीत बसून काय बोलायचं ते ठरवलं होतं, माझ्या सवयीप्रमाणे मुद्दे काढून. वहिनी अंगणात कातड्याचे तुकडे निवडत होत्या. पुढच्या खेपेसाठी आणून ठेवलेलं तेच कातडं. मला बघून उठल्या, तांब्या दिला, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी पहिला मुद्दा काढायच्या आत म्हणाल्या, "तुमच्या त्या व्यापाऱ्याचा फोन आलता."

"तुम्हाला? कशाला?"

"तुमचं दुसरं पान कळंना झालतं तेला. शिवणीवर पट्टी कशी घालायची म्हणं. माझा नंबर कुणी दिला कुणास ठावं."

नंबर पुरवठादारांच्या जुन्या यादीत होता. ती यादीही मीच तयार केलेली.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"सांगिटलं की. आपली मानसं घालणार हायत न्हवं ते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अर्दंच सांगिटलं. अर्दं तुमीबी लिवलं न्हाय."

सून आतून म्हणाली, "आत्ती, आता म्याडमना बोल लावू नका." वहिनी म्हणाल्या, "बोल कुठं लावतोय? म्याडमचं इंग्रजी लई चांगलं हाय, तेवडंच म्हणतोय."

त्या हे रागाने म्हणाल्या की नाही, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. चहा झाला. मी काढलेले मुद्दे मनातच राहिले. माफी मागितली तर त्या 'असूं द्या की' म्हणणार आणि मला सुटल्यासारखं वाटणार, म्हणून मी मागितली नाही. दुसरं गिऱ्हाईक शोधायला मदत करते म्हटलं. तीन कारखान्यांना पत्रंही लिहिली. एकाने उत्तर दिलं, त्यांनी वस्तूचं लेखी वर्णन मागितलं होतं. ते पत्र मी वहिनींना दाखवलं नाही.

त्यानंतर मी वर्षातून एक-दोनदा जाऊन येते. शेड उभी आहे. सहा मशिनं विकली. त्या सहा बायकांपैकी दोघी रानात भांगलायला, तण काढायला जातात, एक शिरोळला कापडाच्या दुकानात आहे, बाकीच्या तिघींचं मला माहीत नाही. भट्टीवर माझी चार पानं अजून चालतात, मनगटाच्या बदलाशिवाय. वहिनींकडे दोन मशिनं राहिली आहेत. एकावर त्या बसतात, एकावर सून, आणि दोघी ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं शिवतात.